आई मिरजेहून बाळ सांभाळायला यायला तयार आहे, पण बाबा तिकडे एकटे पडतील. तुम्ही काय केलंत?

नवीआई_वाकड

नमस्कार, प्रश्न जरा लांबलचक आहे पण प्लीज वाचा.

मुलगी साडेचार महिन्यांची आहे. मॅटर्निटी लिव्ह २६ आठवड्यांची, पण मला बीपीमुळे त्यातली थोडी डिलिव्हरीच्या आधीच घ्यावी लागली, त्यामुळे पुढच्या महिन्यात जॉईन व्हायचंय आणि तेव्हा ती जेमतेम वरचं खायला सुरुवात करत असेल. ऑफिस हिंजवडीला, आठवड्यात तीन दिवस जावंच लागतं, नवऱ्याला चार दिवस. ट्रॅफिक तुम्हाला माहितीच आहे, साडेआठला निघालं तर घरी यायला सात होतात.

सासूबाई नाशिकला, त्यांच्याकडे आजेसासरे अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यामुळे सासूबाईंना तिथून हलताच येत नाही. दादा-वहिनी बंगळूरला. राहिली माझी आई. ती ६१ ची, मी विचारायच्या आधीच म्हणाली मी आहे ना, तू कशाला काळजी करतेस, बॅग भरून येते. पण बाबा ६८ चे, शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे, आणि त्यांना चहापलीकडे काही करता येत नाही. ते पुण्याला यायला तयार नाहीत, इथे दोन दिवस झाले की त्यांना करमत नाही, त्यांचे सगळे मित्र, संध्याकाळचं फिरणं, गणेश तलावाजवळचा कट्टा सगळं मिरजेत. आईचं पण तिकडे भजनी मंडळ आहे, भिशी आहे, तीस वर्षांच्या शेजारणी आहेत. इथे बाराव्या मजल्यावर ती कोणाशी बोलणार.

मला रात्री झोप लागत नाही हा विचार करून. आईला आणावं तर बाबांचे हाल, न आणावं तर एवढुशा पोरीला पाळणाघरात ठेवायचं. नोकरी सोडायची नाहीये, होमलोनचा हप्ता दोघांच्या पगारावर आहे आणि खरं सांगायचं तर मला माझं काम आवडतं. ज्यांच्या आया, सासवा येऊन राहिल्यात त्यांनी सांगा, किती महिने राहिल्या, मागे घरी कोण बघायचं, पैशांचं कसं केलंत? आणि अजून एक, आईला बाळाला गुटी द्यायचीच आहे आणि डॉक्टर नको म्हणतात, त्यावरून आत्ताच फोनवर वाद होतायत, रोज एकत्र राहिल्यावर काय होईल?

ठाण्याची_मुक्ता

अगं तू एकटी नाहीस, आमच्या सोसायटीत खाली बागेत दुपारी बघ, सगळ्या आज्याच दिसतील. माझी आई रत्नागिरीहून आली होती, मुलगा प्ले ग्रुपला जायला लागेपर्यंत होती.

माझा अनुभव एवढाच की आईला एकटीच्या जिवावर बाळ देऊ नकोस. सहा महिन्यांचं बाळ एका जागी असतं, त्याचं काही नाही, पण आठव्या-नवव्या महिन्यात ते रांगायला लागलं की साठीच्या बाईचे गुडघे आणि कंबर पार जातात. दिवसातून कितीदा खाली वाकायचं, उचलायचं. आम्ही आई येण्याआधीच बाळाचं करायला एक ताई ठेवली होती, नऊ ते सहा. अंघोळ, मालिश, लंगोट-दुपटी धुणं, भरवून झाल्यावरचा पसारा, सगळं ती ताई करायची आणि आई फक्त घरात असायची, लक्ष ठेवायची, गोष्टी सांगायची, झोपवायची. पोळ्यांना काकू होत्याच, त्यांनाच भाजी पण करायला लावली. लोक म्हणायचे आई असताना बाई कशाला, डबल खर्च. पण आई आहे म्हणून तर ताईवर विश्वास ठेवता आला आणि ताई आहे म्हणून आई टिकली.

दुसरं म्हणजे शनिवार-रविवार आईची सुट्टी. खरी सुट्टी. आम्ही दोघं घरी असलो की बाळ आमचं. ती देवळात जायची, बहिणीकडे डोंबिवलीला जायची, नाहीतर नुसती झोपायची. आणि गणपतीला व शिमग्याला ती घरी जाणार म्हणजे जाणारच, तेव्हा आमच्यापैकी एकाची सुट्टी आधीच टाकलेली असायची. हे सगळं ती यायच्या आधी बोललो होतो, कारण एकदा आई घरात आली की ती स्वतःहून कधीच म्हणणार नाही की मी दमले.

माणदेशी_बाबा

सगळं वाचलं. तुमच्या पोस्टमध्ये नवरा एकदाच आला, तोही ट्रॅफिकच्या वाक्यात. राग मानू नका, मी स्वतः एका मुलीचा बाप आहे म्हणून बोलतोय. पोरगी दोघांची आहे तर पहिला हिशोब तुमच्या दोघांचा व्हायला पाहिजे, मग आईचा.

तुम्हाला तीन दिवस, त्यांना चार दिवस. हे दिवस एकमेकांना चुकवून घेतले, म्हणजे तुम्ही सोमवार-मंगळवार-बुधवार आणि त्यांनी मंगळवार ते शुक्रवार, तर दोघंही घराबाहेर असे दिवस फक्त मंगळवार आणि बुधवार. सोमवारी ते घरी, गुरुवार-शुक्रवार तुम्ही. घरून काम म्हणजे बाळ सांभाळणं नव्हे हे मला माहितीये, मीटिंग चालू असताना पोर रडतं तेव्हा काय होतं ते भोगलंय. पण घरात ताई आणि एक पालक एवढ्यावर ते दिवस निभतात. मग आईची खरी गरज उरते दोन दिवसांची. आमच्याकडे बायको बँकेत, तिला घरून काम नाही, म्हणून मी मॅनेजरशी बोलून सकाळची शिफ्ट घेतली, दुपारी तीननंतर पोरगी माझ्याकडे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, प्रायव्हेटमध्ये तसा कायदा नाही, कंपनी देईल ते, त्यामुळे तुमच्या नवऱ्याने एचआरला आजच विचारावं, कधीकधी पॉलिसी असते आणि कोणी घेतच नाही.

तुम्ही पण विचारा. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय द्यायला लागते, मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत आलंय ते, आणि दिवसातून चार वेळा बाळाला भेटायला जाता येतं. बऱ्याच ठिकाणी शेजारच्या पाळणाघराशी टाय-अप असतो. त्याच कायद्यात सुट्टी संपल्यावर घरून काम देण्याचीही तरतूद आहे, कामाचं स्वरूप तसं असेल आणि कंपनीशी तुमचं तसं ठरलं तर. हट्टाने मागता येत नाही पण लेखी मेल टाकून विचारता नक्की येतं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दोन जादा ब्रेक मिळतात हेही बऱ्याच जणींना माहीत नसतं.

बाबांचा मेडिक्लेम बघा. पॉलिसी असेल तर मिरजेत आणि पुण्यात दोन्हीकडे कॅशलेस चालतं का ते आत्ताच बघून ठेवा. प्रीमियम तुम्ही भरत असाल तर साठीपुढच्या आईवडिलांसाठी जुन्या टॅक्स रिजीममध्ये ५०,००० पर्यंत वजावट आहे. दोन वर्षांनी बाबा ७० चे झाले की आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य योजनेचं ज्येष्ठांचं कार्ड निघतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, त्याला उत्पन्नाची अट नाही.

सातारची_आजी

बाळा, मी तुझ्या आईच्या बाजूने लिहिते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, निवृत्त झाले आणि लगेच खराडीला लेकीकडे आले नातवासाठी. आमचे हे तेव्हा साताऱ्यातच राहिले.

तुझी आई आनंदाने येतेय, तिला ओझं वाटतंय असं समजून तिला नको म्हणू नकोस, तिला ते जास्त लागेल. नातवंड मांडीवर घ्यायला मिळणं हे आमचं सुख आहे गं. पण सुख आहे म्हणून त्रास नसतो असं नाही. मला तिथे सगळ्यात जड काय गेलं सांगू का, काम नव्हे. माझ्या हातात स्वतःचे पैसे असून भाजीवाल्याला मोबाईलवरून पैसे देता येईनात, लिफ्टचं कार्ड मुलीकडे, दाराची किल्ली जावयांकडे. मी कुठे जाणार! दुपारी बाळ झोपलं की मी नुसती खिडकीत उभी. मग लेकीने एक दिवस मला माझी वेगळी किल्ली, वेगळं कार्ड करून दिलं, फोनवर पैसे द्यायला शिकवलं आणि खालच्या ज्येष्ठ नागरिक संघात नाव घातलं. तिथे कऱ्हाडच्या एक जणी भेटल्या, त्यांच्याबरोबर हरिपाठ सुरू झाला आणि मग मला ते घर माझं वाटायला लागलं. तुझ्या आईचं भजनी मंडळ सुटणार आहे ना, तर ती यायच्या आधी तुमच्या सोसायटीत, आजूबाजूला भजन कुठे होतं ते शोधून ठेव.

पैशांचं म्हणशील तर आईला पगार देऊ नकोस, ती घेणार नाही आणि तिला वाईटही वाटेल. पण तिच्या खात्यात दर महिन्याला ठराविक रक्कम टाक, काहीही न बोलता. माझी लेक टाकायची. मी त्यातून माझ्या भाच्याच्या लग्नात स्वतःच्या पसंतीचा आहेर केला, कोणाला विचारावं लागलं नाही. भिशी पण चालू ठेवायला सांग तिला, बाहेरगावाहून हप्ता पाठवता येतो.

आता गुटी. तू इंटरनेटवरचं वाचून आईला दाखवू नकोस, ती म्हणणार तुम्हाला दोघांना गुटी देऊनच वाढवलं. आमच्याकडे हाच वाद झाला. मग लेक मला बाळाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि स्वतः गप्प बसली. मीच विचारलं. त्यांनी नीट समजावलं की सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीच नाही, पाणीसुद्धा नाही, आणि वर्षाच्या आत मध तर मुळीच नको, त्यातल्या जिवाणूंनी लहान बाळाला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. आपण गुटी उगाळून मधातूनच चाटवतो ना, ते ऐकल्यावर मी पुन्हा नाव काढलं नाही. कानात तेल घालायचं नाही हेही तिथेच कळलं. पण मालिश, नाचणीचं सत्त्व, मऊ गुरगुट्या भात, मुगाची घट्ट डाळ घालून खिमट, हे सहा महिन्यांनंतर आईला तिच्या पद्धतीने करू दे, मीठ-साखर तेवढी वर्षभर नको म्हणतात. दहा गोष्टी तिच्या मनासारख्या झाल्या की दोन गोष्टी ती तुझ्या ऐकेल.

आणि बाबांना इन्सुलिन घेता येतं ना स्वतःचं? मग पोळी-भाजी पण येईल. आमचे हे ६७ व्या वर्षी वरण-भाताचा कुकर लावायला शिकले, आता पोहे माझ्यापेक्षा चांगले करतात.

डोंबिवलीकर_केतकी

पाळणाघराला एवढं घाबरू नका हो. आमच्याकडे डोंबिवलीत निम्मी पिढी शेजारच्या काकूंच्या पाळणाघरात वाढली, मी पण. आया लोकलने मुंबईला जायच्या, आणि काकू केस विंचरून, वेणी घालून शाळेत सोडायच्या.

फक्त बघून घ्या. एका ताईकडे किती मुलं, तान्ही आणि मोठी वेगळी ठेवतात का, बाळ झोपेतून उठल्यावर कोण उचलतं, आजारी मुलाला त्या दिवशी घेतात का, संध्याकाळी उशीर झाला तर काय. न सांगता दुपारच्या वेळी एकदा जाऊन या, जेवणाच्या वेळेला गेलात तर सगळं कळतं. माझी सूचना अशी की मंगळवार-बुधवार (वरच्या दादांनी सांगितलं तसं) अर्धा दिवस पाळणाघर आणि दुपारनंतर आजी. म्हणजे आजीला सकाळ मोकळी आणि उद्या आजी गावी गेली तर बाळाला पाळणाघराची सवय असेल. एकाच माणसावर सगळं टेकवलं की तो माणूस आजारी पडला की संपलं.

ऑफिसमध्ये दूध काढायला हिरकणी कक्षासारखी खोली आहे का ते पण आधी बघा, ही छोटी गोष्ट वाटते पण जॉईन झाल्यावर पहिल्याच दिवशी रडू येतं नाहीतर.

न्यूजर्सीहून_अनघा

इकडचं सांगते म्हणजे तुम्हाला जरा धीर येईल. इथे अमेरिकेत केंद्राच्या कायद्याने १२ आठवडे सुट्टी, तीही बिनपगारी, आणि छोट्या कंपन्यांना तेवढीही बंधनकारक नाही. काही राज्यं वेगळा थोडा पगार देतात, आमचं देतं. त्यामुळे आमच्याकडे आधी आई-बाबा आले व्हिजिटर व्हिसावर, साधारण सहा महिने राहता येतं, ते गेले आणि सासू-सासरे आले. आई-बाबा जोडीने आले म्हणून निभलं. एकटी आई आली असती तर इथल्या थंडीत, गाडी चालवता येत नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही, तिचं कठीण होतं. बाबांनी स्ट्रोलर ढकलायचं काम घेतलं, दोन महिन्यांत सगळ्या शेजाऱ्यांना ते ओळखायला लागले. तुझ्या बाबांना "राहायला या" असं नको म्हणूस, "दहा दिवस या, हिला फिरवायला तुम्ही पाहिजे" असं म्हणून बघ. काम दिलं की बाबा लोक येतात.

नवीआई_वाकड

सगळ्यांचे मनापासून आभार, आजी तुमचं तर मी आईला फोनवर वाचून दाखवलं, ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली किल्लीचं बरोबर आहे हो त्यांचं.

काल रात्री मी आणि नवऱ्याने बसून कॅलेंडर मांडलं. त्याने सोमवार घरून घेतला, मॅनेजर हो म्हणालाय. आई पंधरा दिवस इथे आणि पंधरा दिवस मिरजेत असं करणार, रेल्वेने पाच-सहा तासांचा प्रवास, नाहीतर एसटी आहेच, बायकांना अर्धं तिकीट आणि पासष्टीपुढे म्हणून बाबांनाही अर्धं. ती मिरजेत असेल तेव्हा मंगळवार-बुधवार पाळणाघर, म्हणून ते जॉईन व्हायच्या आधीच सुरू करतोय, पहिले काही दिवस मी सोबत बसेन. बाबांना शेजारच्या काकूंकडून रात्रीचा डबा लावलाय, आणि दादाला मी स्पष्ट सांगितलं की आई इथे असताना बाबांची शुगर, औषधं, डॉक्टरची अपॉइंटमेंट रोज फोन करून तू बघायचीस, लांब आहेस हे कारण चालणार नाही. तो तयार झाला, वहिनीने तर लगेच औषधं घरपोच मागवायचं बघितलं.

गुटीसाठी शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीये, आई तोवर येते. मी गप्प बसणार.

केतकीताई, एक राहिलं, सहा महिन्यांचं बाळ घेणारी पाळणाघरं इकडे फार कमी आहेत, बरीच जण वर्षापुढचीच घेतात. वाकड, पिंपळे निलख, बाणेर या बाजूला कोणाला घरगुती चांगलं माहीत असेल तर कृपया मेसेज करा, उद्या-परवा दोन बघायला जातोय.

सातारची_आजी

पोरी, पाळणाघर बघायला आईला बरोबर ने. ती दारातूनच ओळखेल.