मदत हवी आहे: ताणावरच्या मराठी शोधनिबंधाला समीक्षक कुठून आणू?

नमस्कार मंडळी,

बेळगावहून लिहिते आहे. ताण वेळीच आवरणं आणि मनाचं स्वास्थ्य या विषयाला वाहिलेलं एक छोटं सहामाही संशोधन-नियतकालिक आम्ही चौघं मिळून चालवतो. निबंध मराठीत, सारांश मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. अंक ऑनलाइन निघतो, ओपन जर्नल सिस्टिम्स या मोफत सॉफ्टवेअरवर. आयएसएसएन हा नियतकालिकाची ओळख पटवणारा क्रमांकही दिल्लीहून विनाशुल्क मिळाला. पैशावाचून फारसं अडत नाही, अडतंय ते समीक्षकांपाशी, म्हणजे छापण्याआधी निबंध तपासून देणाऱ्या जाणकारांपाशी.

सध्या हातात एक निबंध आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. वडगाव-खासबाग भागातल्या विणकरांचा ताण त्यात मोजला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली केलेली परसीव्ड स्ट्रेस स्केल (माणसाला ताण किती जाणवतो ते मोजणारी प्रश्नावली), तिची नंतरची दहा प्रश्नांची आवृत्ती लेखकाने मराठीत आणली. मी एकदा त्यांच्यासोबत एका घरी गेले होते. पुढच्या खोलीत माग, कडेला पोरांची दप्तरं. लेखकाने विचारलं, "काका, गेल्या महिन्यात किती वेळा ताण वाटला?" काकांनी मागावरच्या सुतावरून बोट फिरवलं. "ताण बरोबर हाय की. सूत तुटत न्हाई." मग 'टेन्शन' असा शब्द वापरल्यावर माग थांबवून अर्धा तास बोलले.

म्हणजे 'ताण' हा शब्दच प्रश्नावलीत चुकतोय का, ही माझी एक शंका. दुसरी शंका याहून मोठी आहे. "सगळं मनासारखं चाललंय असं किती वेळा वाटलं?" या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येकाने "चाललंय की बरं" म्हणून 'खूप वेळा' हा पर्याय सांगितला. दहांतले चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा हे प्रश्न चांगल्या बाजूने विचारलेले आहेत, त्यांचे गुण उलटे धरतात. दारात आलेल्या पाहुण्यासमोर रडगाणं गाऊ नये ही आपली रीत. त्यामुळे या चार प्रश्नांत ताण कमी दिसत असेल का? माझा विषय समाजशास्त्र, संख्याशास्त्रातलं मी ठामपणे बोलू शकत नाही.

निबंध सात जणांना पाठवला. चौघांचं उत्तरच नाही, दोघांनी वेळ नाही म्हणून कळवलं. एकाने दोन वाक्यं लिहिली: "निबंध चांगला आहे. छापावा." नकार देणाऱ्यांपैकी एकाने लेखकाला नमस्कार सांगायला सांगितलं, तेही नाव घेऊन! आम्ही नाव झाकून पाठवतो, पण इथे विणकरांवर काम करणारे असे कितीसे आहेत? पहिल्या पानावर ओळख पटते.

लेखक आठ महिने थांबलेत. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, तरी "यादीत आहात का?" हे अजून विचारलं जातं आणि नाही म्हटलं की माणूस निघून जातो. आमचे हे लेखक मात्र थांबले, म्हणून त्यांना नीट समीक्षण मिळायलाच हवं असं मला वाटतं. समीक्षक कुठे शोधू? मी स्वतः समीक्षण केलं तर चालेल का?

प्रतिसाद: जुना_संपादक

ताई, सगळं जाणणारा एकच माणूस शोधू नका, तो मिळणार नाही. काम वाटून द्या. मोजपट्टी तपासायला बेळगाव माहीत असायची गरज नाही; पुण्या-नागपूरचा मानसमापनवाला, म्हणजे अशा प्रश्नावल्या पारखणारा, चालेल. विणकरांची बाजू पाहायला इचलकरंजी, सोलापूर, मालेगाव इथे मागावरच्या कामगारांचा अभ्यास केलेल्यांना गाठा. ते लेखकाला ओळखत नसतील, तुमचा नाव झाकण्याचा प्रश्नही तिथेच बराचसा सुटतो. "अभिप्राय कळवा" असं मोघम लिहू नका. पाच नेमके प्रश्न आणि तीन आठवड्यांची मुदत द्या, माणसं नाही म्हणत नाहीत. "छापावा" हे समीक्षण म्हणून मोजू नका.

तुमची शंका रास्त आहे. उलट गुणांचे चार आणि उरलेले सहा प्रश्न बऱ्याच भाषांतरांत दोन वेगळे गट होऊन बसतात. लेखकाला दोन्ही गटांची विश्वसनीयता, म्हणजे गटातले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते, वेगवेगळी काढायला सांगा, सगळ्यांचा मिळून एकच अल्फा (विश्वसनीयतेचा आकडा) पुरणार नाही.

स्वतः समीक्षण करणार असाल तर लेखकाला तसं स्पष्ट कळवा आणि छापायचं की नाही हा निर्णय दुसऱ्या संपादकावर सोडा.

प्रतिसाद: नर्सिंगवाली

विणकरांना पुढे काय सांगितलं ते निबंधात आहे का? ही पट्टी निदान करत नाही, हे खरं. पण ज्यांचे गुण फार चढे आले त्यांच्या हातात निदान टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तरी पडायला हवा. विनामूल्य आहे, मराठी आणि कन्नड दोन्हींत बोलता येतं. माणसांवरच्या संशोधनाला लागणारी आचारसमितीची मंजुरीही बघून घ्या.

प्रतिसाद: वडगावची_लेक

मी विणकराच्या घरातली. "गेल्या महिन्यात" हा शब्द आमच्या घरात कुणी वापरतच नव्हतं. मजुरी आठवड्याची, त्यामुळे हिशेबही आठवड्याचा. महिना विचारला तर माणूस अंदाजाने काहीतरी सांगणार. आणि एक विचारू? मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या आई भरायची. पहाटे चारला उठून, स्वयंपाकाच्या आधी. दादा मागावर बसायचे म्हणून ते विणकर, आई कुणाच्या यादीत नव्हती. निबंधात बायकांना विचारलंय?

धागाकर्ती

वडगावच्या ताई, तुमचं वाचून तक्ता पुन्हा उघडला. एकूण एक पुरुष आहेत. मी हा निबंध चार वेळा वाचलाय, त्या घरी गेलेय, तिथे कांड्यांची टोपली पाहिलीय, तरी हे सुचलं नाही.

लेखकाशी आत्ताच फोनवर बोलले. त्यांना वाईट वाटलं, पण दिवाळीनंतर पुन्हा जाऊन बायकांशी बोलायची तयारी आहे त्यांची. तोवर या अंकातून निबंध काढून ठेवते. दोन गटांची विश्वसनीयता ते काढून देणार आहेत; १४४१६ आणि आचारसमितीचंही विचारलं आहे, कागद पाठवतो म्हणाले. सोलापूर-इचलकरंजीकडे यंत्रमाग-कामगारांचा अभ्यास केलेलं कुणी इथे असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा. पाच प्रश्न आज रात्री लिहून ठेवते. आणि वडगावच्या ताई, बायकांसाठीची प्रश्नावली एकदा तुमच्या आईंना वाचून दाखवता येईल का?