थंडीचे पाहुणे पक्षी – तुमच्याकडे कोण कोण आलंय?

माळावरची
काल गच्चीत कपडे वाळत घालताना टाकीच्या कडेला थिरथिरा येऊन बसला. वर काळा, पोटाला विटकरी, दर दोन क्षणांनी मान झुकवायची आणि शेपूट थरथरवायची. बाबांची फार आठवण आली. ते बांधावरून घरी आले की आईला सांगायचे, "थिरथिरा आला गं, गोधड्या काढ." त्यांना बाकी पक्ष्यांची नावं माहीत नव्हती पण हा कधी चुकला नाही. तर तुमच्याकडे सप्टेंबर ते नोव्हेंबरात कोण उतरतं, कधी एखादा दुर्मिळ दिसलाय का, लिहा. फक्त रातथाऱ्याची, म्हणजे पक्षी रात्री जमून बसतात ती, नेमकी जागा देऊ नका, लगेच कॅमेरेवाले जमतात.

सोलापूरकर
भोरड्या!!! येतात ऑगस्टपासूनच पण खरी मजा ज्वारी कणसात आल्यावर, संध्याकाळी बाभळीवर उतरायच्या आधी अख्खा थवा एकदम वळतो ना तेव्हा गुलाबी झाक दिसते. आता लोक व्हिडिओ काढायला येतात, आमचे आजोबा माळ्यावर गोफण घेऊन उभे असायचे, घसा बसेपर्यंत ओरडायचे. तरी म्हणायचे, टोळ खातात त्या, चार कणसं गेली तर जाऊ देत. आणि खरंच आहे ते, तिकडे मध्य आशियात पिल्लं टोळ-नाकतोड्यांवरच वाढवतात.

घाटमाथा
अमूर ससाणा, लोणावळ्याजवळचं पठार, नोव्हेंबर संपता संपता. सैबेरिया आणि उत्तर चीनमधून निघायचं, नागालँडात थांबून खाऊन घ्यायचं, मग आपला देश ओलांडून अरबी समुद्रावरून थेट आफ्रिका. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम! आमच्या डोक्यावर एकाने चतुर पकडला, उडता उडताच पाय चोचीपाशी नेऊन खाल्ला आणि पंख तेवढे खाली तरंगत आले. 2012 पर्यंत नागालँडात जाळी लावून हजारोंनी मारायचे यांना, पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी शिकार थांबवली. त्या गावांना मनापासून नमस्कार.

निशिगंध
@घाटमाथा वाचूनच काटा आला. दुर्बीण कोणती आहे तुमची? मुलीला वाढदिवसाला द्यायचीय, 8×42 की 10×50?

घाटमाथा
8×42 घ्या ताई. 10 ची हातात हलते आणि मुलांना जड होते.

गोदाकाठ
नांदूर मध्यमेश्वर कुणीच कसं लिहिलं नाही अजून?? 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं ते. थापट्या बघा तिथे, फावड्यासारखी चोच पाण्याला टेकवून घोळक्याने गोल गोल फिरतात, पुढच्याने ढवळलेलं मागच्याला मिळतं. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

भीमाकाठ
उजनीला ऑक्टोबरात रोहित (फ्लेमिंगो) बघायला येणाऱ्यांनो, धरण तेव्हा तुडुंब असतं, पाणी ओसरून चिखल उघडा पडला की मग ते उतरतात. पट्टकादंब मात्र थंडी पडली की येतात, डोक्यामागे दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून आलेले. आणि हात जोडून सांगतो, नाववाल्याला "जरा उडवा ना, फोटो चांगला येईल" म्हणू नका. एवढं उडून आलेत, खाऊ द्या की त्यांना.

निशिगंध
+१००

तिसरा मजला
आमच्या गॅलरीत ऑक्टोबरात नवरंग सापडला होता. रात्रीचे प्रवास करतात ते, बिल्डिंगच्या दिव्यांनी गोंधळतात आणि काचेवर आपटतात. सासूबाईंनी बुटाचं खोकं आणलं, त्याला भोकं पाडली, आत जुना टॉवेल घातला आणि अंधाऱ्या खोलीत ठेवलं. शेजारचे चमच्याने पाणी पाजा म्हणत होते, मुळीच पाजू नका, श्वासनलिकेत जातं. अंधार आणि शांतता हेच औषध. संध्याकाळी सोसायटीच्या मागच्या झाडांत खोकं उघडलं तर दोन उड्या मारून पाचोळ्यात शिरला. सासूबाई अजून प्रत्येक पाहुण्याला ती गोष्ट सांगतात 😊

गोदाकाठ
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा!

गवताळ
सप्टेंबरअखेर आमच्या माळावर युरोपियन नीलपंख दिसला होता. आपल्या नीलपंखाची छाती तपकिरी असते, हा डोक्यापासून पोटापर्यंत आकाशी. आफ्रिकेला जाताना वाटेत थांबतात थोडे. त्याच माळावर थंडीत भोवत्या यायचे, दिवसभर गवतावरून खालून खालून उडत उंदीर-टोळ हुडकायचे आणि रात्री गवतातच जमिनीवर बसायचे. आता तिथे जेसीबी फिरलाय, प्लॉटिंग चालू आहे. कागदावर 'पडीक' लिहिलं की संपलं सगळं. जंगल तोडलं तर निदान लोक ओरडतात, माळासाठी कोण ओरडणार? खूप जीव तुटतो हो.

सोलापूरकर
@गवताळ आमच्याकडेही तेच, दादा. माळ म्हणजे झाडं लावायची रिकामी जागा असंच वाटतं सगळ्यांना. वृक्षारोपणाचे खड्डे बघितले की पोटात गोळा येतो.

माळावरची
@गवताळ 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो ना आपल्याकडे, चितमपल्ली सरांच्या आणि सलीम अलींच्या वाढदिवसांमधला. तेव्हा शाळेची मुलं तुमच्या उरलेल्या माळावर नेता येतील का? मी येईन सोबत, खरंच. व्यक्तिगत निरोप पाठवते.

गवताळ
या ताई, नक्की या. पहाटे पाचला निघू, पायात बूट घाला, कुसळं फार आहेत.

पेठेतला
आमच्याकडे नुसती कबुतरं हो…

गोदाकाठ
@पेठेतला जवळ झुडपं आहेत का? सकाळी कान देऊन ऐका, दोन दगड आपटल्यासारखं टक्… टक्… येतं का. वटवट्या असेल, दिसत नाही सहज.

पेठेतला
अरे हा आवाज तर रोज येतो! मागच्या बोगनवेलीतून! मी पाल समजत होतो. उद्या बघतोच.