अनुभव धागा: खोली फिरते तेव्हा

पहाटे उजव्या कुशीवर वळलो आणि खोली फिरायला लागली. पंखा बंद, तरी छतच गरगरत होतं. गादीची कड धरून पडून राहिलो. अर्ध्या मिनिटात थांबलं. आईने पित्त म्हणून कोकम सरबत दिलं. बीपी नॉर्मल निघालं. एका दवाखान्यातून अशक्तपणाच्या गोळ्या मिळाल्या. दोन आठवडे डोक्यावर भरली घागर असल्यासारखा चालत होतो.

मग कानाच्या डॉक्टरांनी टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवून झटकन मागे आडवं केलं. खोली फिरली. "डोळे मिटू नका, तेच बघायचेत." बुबुळं झटके देत होती. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात, गुरुत्वाकर्षणाची ओढ त्यांच्यामुळे कळते. माझे काही निसटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले होते. डोकं हललं की ते घरंगळतात, नळीतला द्रव हलतो आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. डॉक्टरांनी डोकं टप्प्याटप्प्याने डावीकडे, मग कुशीवर, मग उठवून बसवलं. एप्लींची पद्धत. एकही गोळी न घेता चक्कर गेली!

तुमचं काय झालं? डोळ्यांपुढे अंधारी आली की खोली फिरली, तेही लिहा, दोन्ही वेगळं.
(लोकमान्य नगर, इंदूर)

*

माझा आजार नाही, फुगडी आहे. राजेंद्र नगरात मंगळागौरीला जोरात घातली, थांबलो तरी भिंती फिरतच होत्या. लेकीने कारण विचारलं तेव्हा पातेल्यात पाणी घेऊन, वर चिमूटभर हळद टाकून गोल फिरवून दाखवलं: पातेलं थांबतं, हळद फिरत राहते. प्रत्येक कानात अशा तीन नळ्या, एकमेकींशी काटकोनात.

*

खंडव्याला जाताना भेरूघाटात मोबाइल बघितला की मळमळ. कानाला वळणं कळतात, डोळ्यांपुढची अक्षरं मात्र स्थिर. पुढच्या सीटवर बसून रस्ता बघते, बरं वाटतं.

*

तुमचे डोळे नाचले, माझ्या बाबांचे नाचलेच नाहीत. कानात गार आणि कोमट पाणी सोडून तपासतात, त्यात निरोगी माणसाची बुबुळं हलतात. ही तपासणी रॉबर्ट बारानींची. आतल्या कानावरच्या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं.

बाबांना मोठ्या संसर्गात जेंटामायसिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं लागली होती. जीव वाचला, दोन्ही कानांचा तोल गेला. ऐकू चांगलं येतं, म्हणून कानाचा संशयच आला नाही. राजवाड्याजवळ चालताना म्हणाले, "पाट्या उड्या मारतायत गं." आम्हाला चष्म्याचा नंबर वाटला. डोकं हललं की तेवढेच डोळे उलट वळवून नजर स्थिर ठेवणं हेही कानाचंच काम, ते बंद पडलं होतं. पाटी वाचायला ते उभे राहायचे. तोंड धुताना डोळे मिटले आणि बेसिनवर आपटले, तेव्हा कुठे खरं निदान झालं.

आता रोज भिंतीवरच्या एका अक्षरावर नजर रोवून मान डावी-उजवी हलवतात. दिवसा बागेत एकटे जाऊन येतात. अंधारात फक्त पायांच्या तळव्यांचा आधार उरतो, म्हणून बिछान्यापासून मोरीपर्यंत रात्रभर दिवा जळतो.