आधी बाग, मग जत्रा

न्यूयॉर्क राज्यातल्या वॉरविक गावचा ॲपलफेस्ट, म्हणजे सफरचंदांची जत्रा, आणि बागेतली सफरचंद तोडणी एकाच दिवशी जमेल का असं विचारलं जातं, तर जमतं, पण बागेत सकाळी उघडायलाच पोचा कारण ॲपलफेस्ट ऑक्टोबरातल्या एकाच रविवारी असतो आणि दुपारी गावात पार्किंग मिळता मिळत नाही, आम्ही पाऊण तास नुसत्या घिरट्या घातल्या आणि मागे पोरांनी सायडर डोनटसाठी (सफरचंदाच्या रसातले डोनट) भोकाड पसरलेलं. फळ ओढू नका हां, तळहातात धरून वर उचलून जरा पिळलं की देठासकट अलगद येतं, ओढलं तर पुढच्या वर्षीच्या फळाचा डोळाही (कळीही) तुटतो. हनीक्रिस्प जातीच्या सफरचंदामागे सगळेच धावतात, मी म्हणेन एम्पायर घ्या, मॅकिंटॉश आणि रेड डेलिशसचा संकर, आंबटगोड, करकरीत. अर्ध्या बुशेलची पिशवी म्हणजे ९ एक किलो, आमच्याकडे दिवाळीपर्यंत मुरांबा चालू होता!