बाहेरची उपचारपद्धत गोव्यात रुजवायची तर कार्यशाळेनंतर काय काय लागते?

डिचोलीकर
नमस्कार. डिचोली तालुक्यातली एक छोटी संस्था नैराश्यासाठी ‘बिहेवियरल ॲक्टिव्हेशन’ (सुटलेल्या कृती ठरवून पुन्हा सुरू करत मनःस्थिती सुधारण्याची पद्धत) सुरू करण्याच्या विचारात आहे. बारावी ते पदवीपर्यंत शिकलेल्या गावातल्याच पाच बायका समुपदेशक असतील. परदेशातून येणाऱ्या प्रशिक्षक पाच दिवसांची कार्यशाळा घेतील. त्या परत गेल्यावर काम ओसरू नये म्हणून आधीपासून काय उभे करायला हवे? इंग्रजी पुस्तिकेचे भाषांतर पुरेल का?

कुळागर
भाषांतर पुरणार नाही. आधी मूळ पद्धतीतले काय ठेवायचे ते ठरवा. तुमची निवड चांगली आहे. १९९६ मध्ये नील जेकबसन यांच्या गटाने अमेरिकेत कॉग्निटिव्ह थेरपीचे (विचार आणि कृती दोन्ही बदलणाऱ्या उपचाराचे) भाग सुटे करून तपासले, तेव्हा नुसता कृतीचा भाग संपूर्ण उपचाराइतकाच लागू पडला. विचारांची चिरफाड शिकवायला वर्षे जातात, कृतीचे नियोजन मात्र नवख्या माणसाला शिकवता येते.

‘संगाथ’ या गोव्यात मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच पायावर ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ बेतला. सहा ते आठ सत्रे, प्रत्येक ३० ते ४० मिनिटांचे. १८ ते ६५ वयाचे ४९५ रुग्ण, सगळ्यांचे पीएचक्यू-९ या नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या चाचणीचे गुण १५ किंवा जास्त (गुण जास्त तितके नैराश्य तीव्र). तीन महिन्यांनी गुण १० च्या खाली आलेले समुपदेशन घेणाऱ्यांत ६४ टक्के, नुसते डॉक्टरांकडचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के. समुपदेशक मानसोपचारातले व्यावसायिक नव्हते.

गोव्यात बदलावे लागते ते मुख्यतः घरी करायच्या कामाचे. लिहिण्याचा तक्ता दिला तर कोरा परत येतो, म्हणून तो सत्रातच दोघींनी मिळून भरायचा. ‘रोज थोडे फिरा’ हे काम नव्हे. ‘बुधवारी सकाळी दहाला शेजारणीसोबत बाजारात जाऊन मासळी आणणे, जाण्याआधी आणि आल्यावर मनाला ० ते १० गुण’ हे काम. वेळ, जागा, सोबत यांतले एक जरी सुटले तरी ते होत नाही. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी फुगडीच्या सरावाला जाणे, देवळात भजनाला बसणे, कुळागरात (सुपारीच्या बागेत) पाणी सोडणे, असे जे पूर्वी करत आणि आता सोडले आहे त्यातूनच निवडा. नवे छंद सुचवू नका. पहिले काम इतके लहान ठेवा की वाईट दिवशीही होईल.

पेडणें-म्हापसा
पाच दिवसांत ओळख होते, कौशल्य येत नाही. ते येते देखरेखीतून, आणि पैसे कमी पडले की पहिली कात्री तिलाच लागते. तिची तरतूद पहिल्या दिवसापासून करा.

पद्धत अशी: रुग्णाची लेखी संमती घेऊन सत्र रेकॉर्ड करायचे. आठवड्यातून एकदा पाचही जणींनी एकत्र बसून एकच सत्र पूर्ण ऐकायचे. गुणपत्रक आधी प्रत्येकीने न बोलता भरायचे, चर्चा नंतर. त्यात विचारायचे: गेल्या वेळचे काम तपासले का, मनःस्थिती आणि कृती यांचा संबंध रुग्णाच्याच उदाहरणातून दाखवला का, नवे काम नेमके ठरले का. सुरुवातीला तज्ज्ञांनी तेच सत्र ऐकून स्वतंत्र गुण द्यावेत. फरक कमी होत गेला की तज्ज्ञ महिन्यातून एकदा आले तरी चालते. तुमच्या प्रशिक्षकांकडून पाच दिवसांऐवजी तीन दिवस आणि उरलेला वेळ पुढच्या ऑनलाइन देखरेखीला मागून घ्या.

कुठे बिनसते? एकमेकींना दुखवायला नको म्हणून सगळ्याच चांगले गुण देतात. प्रत्येक जण आपले सर्वांत छान सत्र आणते, म्हणून चिठ्ठी टाकून निवडा. आणि सगळ्यात मोठी अडचण सल्ल्याची. गावातली जाणती बाई समोर आली की रुग्ण ‘मग मी काय करू?’ विचारतो आणि ती सांगून मोकळी होते. पुढच्या सत्रात काम झालेले नसते, कारण ते त्याने ठरवलेलेच नसते.

डिचोलीकर
फार उपयोगी. सत्रांसाठी बसायला जागा आरोग्य केंद्रात मागावी की खाजगी दवाखान्यांत?

खांडेपार
आरोग्य केंद्रात. नैराश्य आणि चिंतेवर अव्यावसायिक समुपदेशकांची मदत तपासणाऱ्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मानस’ अभ्यासात गोव्यातली १२ सरकारी केंद्रे आणि १२ खाजगी डॉक्टर होते. फायदा सरकारी केंद्रांत स्पष्ट दिसला, खाजगीत नाही. पण खोलीला दार हवे. औषधांच्या रांगेशेजारी पडदा लावून कोणी घरातल्या गोष्टी बोलणार नाही.

रुजण्याबद्दल थोडे मागचे. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्येच फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाची संस्था उभी केली, पण विश्लेषक घडायला लागणारी वर्षे आणि रुग्णाचा वेळ-पैसा यांमुळे ती वाट मोजक्या शहरी लोकांपुरती राहिली. उलट अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी (अविवेकी विचार ओळखून बदलायला शिकवणारी पद्धत) मराठी माणसाला माहीत झाली, कारण ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेने आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती मराठीत, आपल्या संतांचे दाखले देत बोलून दाखवली.

सुरू करण्याआधी एक पान लिहून भिंतीवर लावा: पीएचक्यू-९ च्या नवव्या, म्हणजे जीव देण्याच्या विचारांबद्दलच्या, प्रश्नाला शून्याशिवाय काहीही उत्तर आले तर काय करायचे. समुपदेशक त्याच वेळी थेट विचारील: जीव द्यायचा विचार आहे का, कसा, साधन हाताशी आहे का. बेत असेल तर रुग्णाला एकटे सोडायचे नाही, केंद्रातल्या डॉक्टरांना लगेच सांगायचे, घरच्या कुणाला बोलवायचे आणि बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत सोबत माणूस देऊन पाठवायचे. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक रुग्णाला कागदावर द्या. आणि फलकावर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लिहू नका, त्याला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते.

कुळागर
एक राहिले. पहिल्या सत्रानंतर गळती सर्वांत जास्त होते. दुसऱ्याला न आलेल्याला त्याच दिवशी फोन, मग घरी भेट, पण शेजारी विचारतील तेव्हा काय सांगायचे ते रुग्णाशी आधीच ठरवून. चवथीच्या दिवसांत कोणी येत नाही, तेव्हा नवे रुग्ण जुलैच्या शेवटी घेऊ नका. तिसरे-चौथे सत्र नेमके त्यात अडकते.