एटीएल ट्रान्सफॉर्मेशन एक्लिप्समध्ये चालतं, बिल्ड सर्व्हरवर अडतं

वर्गतक्ता:
क्लास मॉडेलवरून रिलेशनल स्कीमा बनवणारं एटीएल (एका मॉडेलवरून दुसरं मॉडेल बनवायची भाषा) ट्रान्सफॉर्मेशन आहे. एक्लिप्समध्ये बरोबर चालतं. तेच साध्या जावा प्रोग्रॅममधून जेनकिन्स या बिल्ड सर्व्हरवर चालवलं की ‘पॅकेज सापडलं नाही’ असं एक्सेप्शन येतं. दुसरं म्हणजे, मॉडेलमध्ये मधेच एक क्लास घातला तरी आउटपुट एक्सएमआय फाइलच्या (मॉडेल साठवायचं एक्सएमएल स्वरूप) गिट डिफमध्ये ढीगभर ओळी बदललेल्या दिसतात. रिव्ह्यू कसा करायचा?

मेटामॉडेल_मित्र:
एक्लिप्स प्लगइनची माहिती वाचून ईपॅकेज रजिस्ट्री, म्हणजे मेटामॉडेलच्या (मॉडेलची रचना ठरवणाऱ्या मॉडेलच्या) पॅकेजेसची नोंदवही, स्वतः भरतं. साध्या जावात ते काम तुमचं. आधी रिसोर्स फॅक्टरी (त्या प्रकारची फाइल वाचायची-लिहायची सोय) नोंदवा, ईकोर फाइलींसाठी (यात मेटामॉडेल असतं) वेगळी आणि एक्सएमआयसाठी वेगळी. मग ईकोर फाइल लोड करून त्यातलं प्रत्येक ईपॅकेज त्याच्या एनएस-यूआरआयखाली (पॅकेजची ओळख सांगणारा पत्ता) रजिस्ट्रीत टाका. उपपॅकेजेससुद्धा, बहुतेकदा तीच राहून जातात.

मेटामॉडेलचा जावा कोड जनरेट केलेला असेल तर ईकोर फाइल लोड करूच नका, पॅकेजच्या ईइन्स्टन्सला (जनरेट झालेल्या कोडमधलं त्या पॅकेजचं ऑब्जेक्ट) एकदा हात लावला की नोंदणी होते. दोन्ही केलंत तर एकाच यूआरआयचे दोन वेगळे ईक्लास (मेटामॉडेलमधले क्लास) तयार होऊ शकतात. मग एकही नियम जुळत नाही आणि एरर न येता रिकामी फाइल मिळते. हे एक्सेप्शनपेक्षा वाईट, कारण बिल्ड हिरवाच राहतो. आउटपुटमध्ये किमान एक टेबल आहे ना, एवढी तपासणी तरी घालाच.

बिल्डवाला:
सर्व्हरवर प्रत्यक्षात .एटीएल नव्हे, त्यातून कंपाइल झालेली .एएसएम फाइल चालते. एक्लिप्स ती सेव्ह करताच बनवतं. ती गिटमध्ये असेल आणि कोणी नुसती .एटीएल कमिट केली, तर जुनाच नियम चालत राहतो. .एएसएम गिटमधून काढा, कंपाइलची पायरी बिल्डमध्ये घाला.

मेटामॉडेल_मित्र:
अगदी बरोबर. आता डिफबद्दल. ईएमएफ (एक्लिप्सची मॉडेलिंग चौकट, एक्सएमआय तीच लिहिते) संदर्भ लिहितं ते जागेवरून, ‘//@टेबल्स.४’ असे. मधे एक टेबल आलं की खालचे सगळे आकडे सरकतात. टार्गेट मेटामॉडेलमध्ये एक स्ट्रिंग अ‍ॅट्रिब्यूट घ्या, त्याचा ‘आयडी’ गुणधर्म ट्रू करा आणि नियमात त्याची किंमत सोर्सवरूनच काढा: पॅकेज, क्लास आणि अ‍ॅट्रिब्यूटचं नाव जोडून. यादृच्छिक यूयूआयडी नको, दर रनला बदलेल. आयडी एकमेव आहे की नाही हे मात्र ईएमएफ सेव्ह करताना तपासत नाही. दोन सारखे झाले तर फॉरेन की गुपचूप चुकीच्या कॉलमकडे जाईल.

बिल्डवाला:
आणि नियमात कुठे सेट वापरला असेल तर त्याला क्रम नसतो, नावावर सॉर्टेडबाय लावा. टेस्टमध्ये अपेक्षित मॉडेलशी तुलना ईएमएफ कंपेअर या मॉडेल-तुलनेच्या साधनाने करा, मजकुराची नको.