तोफच नसलेला ची-री रणगाडा खेळात गोळे झाडतो, हे तुम्हाला पटतं का?

तोफची

गेल्या रविवारी माझा चौदा वर्षांचा भाचा माझ्याकडे वॉर थंडर हा रणगाड्यांच्या लढाईचा व्हिडिओ गेम खेळत बसला होता. जपानचा ची-री घेऊन त्याने पाठोपाठ तीन अमेरिकन शर्मन रणगाडे उडवले आणि मान वळवून मला विचारलं, "मामा, जपानकडे एवढा भारी रणगाडा होता, मग ते हरले कसे?" त्या वेळी मला धड उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढला.

ज्यांना हा रणगाडा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ची-री एकच बांधायला घेतला होता आणि तोही पुरा झाला नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला तेव्हा त्यात मुख्य तोफच बसवलेली नव्हती. अमेरिकनांनी ताब्यात घेतल्यावर काढलेले फोटो उपलब्ध आहेत. सदतीस टनांचं धूड उभं आहे आणि बुरुजाच्या तोंडाशी, जिथून तोफेची लांब नळी बाहेर यायला हवी, तिथे काहीच नाही. इंजिन विमानाचं, बीएमडब्ल्यूच्या नमुन्यावर बांधलेलं, पेट्रोलवर चालणारं. गोळे भरायला जी यंत्रणा योजली होती तिच्यातही माणसाने गोळा तबकावर ठेवायचा आणि यंत्राने तो आत सारायचा, एवढंच होतं. खेळात मात्र हाच रणगाडा धडाधड गोळे सोडत फिरतो.

आणि जो खरोखर लढला, तो जपानचा ची-हा? पंधरा टन वजन, जास्तीत जास्त २५ मिमी चिलखत आणि पायदळाला साथ द्यायला बनवलेली ५७ मिमीची आखूड तोफ. पुढे ४७ मिमीची बसवली, पण तोवर समोर शर्मन येऊन ठेपले होते. या रणगाड्यात बसून माणसं मेली. खेळात लोक दोन संध्याकाळींत तो मागे टाकून पुढच्या रणगाड्याकडे जातात आणि पुन्हा उघडून बघत नाहीत.

माझं मत सरळ आहे. जो रणगाडा स्वतःच्या तोफेसह एकदाही पुरा उभा राहिला नाही, तो ऐतिहासिक म्हणवणाऱ्या खेळात नको.

सांगलीचा_मी

तोफचीदादा, तळमळ पोचली, पण अजिबात सहमत नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये वर्ल्ड ऑफ टँक्स या दुसऱ्या खेळात जपानी रणगाडे आले तेव्हा मी कॉलेजात होतो. जपानने रणगाडे बांधले होते हेच मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात जपान म्हणजे पर्ल हार्बर आणि हिरोशिमा, मधलं काही नाही. त्या खेळात ची-नू, मग ची-तो, मग ची-री असा चढत गेलो आणि रात्री जागून त्यांच्याबद्दल वाचत बसलो. तुमच्या नियमाने ची-री काढला की ती वाट तिथेच तुटते.

दुसरं असं की पुढे काय ठेवणार? टाइप ६१ आला १९६१ मध्ये. त्याच्या आधीचा एसटीए-१ हा नमुनाच आणि सगळ्यात वरचा एसटीबी-१ हाही नमुनाच. मग जपानला खेळातच ठेवू नका म्हणा ना!

वॉर थंडरने २०१९ मध्ये जर्मनीचा पँथर-२ खेळाडूला मिळवता येणाऱ्या रणगाड्यांच्या यादीतून काढला, कारण खेळात दिसतो तसा तो कधी बनलाच नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे राहिला. नव्या मुलांच्या ज्ञानात त्याने काय भर पडली? माझ्या मते काहीच नाही.

ओतकाम

मी खेळ फारसा खेळत नाही, मुलगा खेळतो. पण कोल्हापुरात फाउंड्रीत बावीस वर्षं काढली आहेत, म्हणून नमुन्याबद्दल लिहावंसं वाटलं.

नमुना म्हणजे काय, हे आमच्याकडे नवीन आलेल्या पोराला पहिल्याच महिन्यात कळतं. पहिल्या कास्टिंगपाशी पाच माणसं उभी असतात. वाळू चाळून घेतलेली, धातूचं तापमान दोनदा बघितलेलं, ओतणारा सगळ्यात जुना कारागीर. तो नग पास होतो. मग ऑर्डर येते, रात्रपाळी लागते आणि तोच साचा, तोच धातू वापरून ब्लोहोल, म्हणजे धातूत हवेची भोकं, दिसायला लागतात. एका वर्षी आमचा एका खेपेतला निम्मा माल परत आला होता. नमुना मात्र अजून ऑफिसात कपाटावर चकाकतोय.

ची-तोचा बुरुज ओतीव होता. तीस टनांचा रणगाडा, समोर ७५ मिमी चिलखत आणि ७५ मिमीची लांब तोफ. तिचं मूळ चीनमध्ये हाती लागलेल्या बोफोर्सच्या विमानविरोधी तोफेत. कागदावर शर्मनला भारी. पण युद्ध संपेपर्यंत पुरे झाले दोन. पोलाद आधी जहाजांना आणि विमानांना जायचं, कारखान्यांवर बाँब पडत होते. अशा वेळी शंभरावा बुरुज कसा उतरला असता, हे कुणीच सांगू शकत नाही. खेळात मात्र प्रत्येक ची-तो कपाटावरच्या नगासारखा असतो.

म्हणून तोफचीसाहेब, नमुना काढून टाकणं हा मला उपाय वाटत नाही. किती बनले होते तो आकडा रणगाड्याच्या नावाशेजारी मोठ्या अक्षरात लिहा. ची-तो: दोन. ची-री: शून्य. एवढंच करा.

इरोहा

ओतकामकाका, कपाटावरच्या नगाचं वाचून अंगावर काटा आला.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या नावांतच आहे. 'ची' म्हणजे मध्यम वजनाचा. पुढचं अक्षर जपानी अक्षरांच्या जुन्या क्रमातलं: इ, रो, हा, नी, हो, हे, तो, ची, री, नू. आपल्या क, ख, ग सारखं. म्हणजे ची-हा तिसरा, ची-तो सातवा, ची-री नववा आणि ची-नू दहावा. आता क्रमांक बघा. ते जपानच्या शाही सनातून येतात. टाइप ३ म्हणजे सन २६०३, आपलं १९४३. ची-नू हा टाइप ३, ची-तो टाइप ४, ची-री टाइप ५. म्हणजे दहाव्या अक्षराचा रणगाडा सातव्या आणि नवव्याच्या आधी सैन्यात आला!

कारण ची-तो वेळेत होईना. म्हणून ची-हे या आधीच्या रणगाड्याची चालू चौकट घेतली, तिच्यावर मोठा बुरुज चढवला, मैदानी तोफेवरून केलेली ७५ मिमी तोफ बसवली आणि वेळ मारून नेली. असे दीडशेच्या आसपास बनले. ते सगळे अमेरिकन फौजा जपानच्या किनाऱ्यावर उतरतील म्हणून मायदेशात राखून ठेवले आणि त्यांनी शत्रूवर एक गोळाही झाडला नाही. त्यांतला एक आजही इबाराकी प्रांतात त्सुचिउरा इथे लष्करी शाळेच्या आवारात उभा आहे.

मग तोफची, तुमच्या नियमाने ची-नू बसतो, पण लढाईचा इतिहास त्यालाही नाही. आणि जपानने जर्मनीकडून विकत घेतलेला टायगर रणगाडा? तो पूर्ण होता, लढण्याजोगा होता, फक्त जपानला कधी पोचला नाही. दोन्ही खेळांत तो जपानच्या यादीत आहे. त्याला आत घेणार की बाहेर ठेवणार?

तोफची

इरोहा, टायगरचा मुद्दा बिनतोड आहे. त्याला जपानी झेंड्याखाली मी ठेवणार नाही. पण ची-नू राहील. लढला नाही हा त्याचा दोष नाही, तो बनला, त्यात माणसं बसली, त्यांनी सराव केला. मी लढाईबद्दल बोलतच नाहीये, पुरेपणाबद्दल बोलतोय.

सांगलीकर, तुम्ही रात्री जागून वाचलंत. माझा भाचा वाचत नाही. त्याला स्क्रीनवर दिसतं तेवढंच खरं वाटतं, आणि असं वाटणारी मुलं जास्त आहेत.

नगरवासी

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जपानचा टाइप ९५ हा-गो आहे. मध्यम नव्हे, हलका. तरी इथे लिहितोय, कारण या धाग्यात सगळे मोठ्या रणगाड्यांबद्दल बोलताय.

मी त्याच्याशेजारी उभा राहिलोय. माझ्या डोक्यापेक्षा वीतभर उंच, बस्स. सगळीकडे रिव्हेट. चिलखत कमाल बारा मिमी, म्हणजे माझ्या करंगळीइतकं. बुरुजात एकच माणूस मावतो. त्यानेच बाहेर बघायचं, त्यानेच गोळा भरायचा, त्यानेच नेम धरायचा. शेजारचे ब्रिटिश रणगाडे बघून परत याच्याकडे आलं की घसा दाटतो. १९४४ मध्ये इंफाळवर चाल करून आलेल्या जपानी फौजेबरोबर हेच होते आणि समोर ब्रिटिशांचे एम३ ली. मार्च महिन्यात ब्रह्मदेशातल्या तामूजवळ गाठ पडली तेव्हा काय झालं असेल, याचा अंदाज त्या पत्र्याला हात लावल्यावर येतो.

माझा विरोध दोघांनाही आहे. ची-री ठेवा की काढा, हा वाद खेळाच्या वरच्या टोकाचा आहे. खालच्या टोकाला हा-गो किती बापुडवाणा होता, हे खेळ दाखवतच नाही. तिथे त्याच्यासमोर त्याच्याच तोलामोलाचे रणगाडे आणून उभे करतात. खरं खोटेपण तिथे आहे.

सांगलीचा_मी

नगरवासी, तोल नसेल तर खेळ कोण खेळेल? हा-गोला ली समोर सोडला तर पहिल्या मिनिटात लोक बाहेर पडतील. खेळाने आपल्याला दारापर्यंत आणायचं, पुढचं आपण बघायचं, असं मी मानतो.

एक सांगतो. दोनपैकी एक ची-तो अमेरिकेला गेला आणि दुसरा शरणागतीनंतर शिझुओका प्रांतातल्या हामाना सरोवरात बुडवला, असं तिथले लोक सांगत आले आहेत. काही वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी पाण्यात शोधही घेतला. सापडला नाही. मी ती बातमी तीनदा वाचली, कारण खेळात त्याच ची-तोवर मी शंभराहून जास्त लढाया काढल्या होत्या. खेळात तो नसता तर चिखलातल्या त्या लोखंडाशी माझं काय नातं असतं?

ओतकाम

हे मात्र पटलं. तरी आकडा लिहाच.

तोफची

काकांचा आकड्याचा तोडगा मला मान्य आहे. शून्यवाला काढूनच टाकावा, हे मत अजून बदललेलं नाही.

काल भाच्याला ची-रीचा तो तोफेविना फोटो दाखवला. बराच वेळ मोबाइल हातात धरून बसला. मग म्हणाला, "मामा, मग मी ज्याने शर्मन मारले ती तोफ कुणाची?" आता हा प्रश्न घेऊन आम्ही दोघे बसणार आहोत.

नगरवासी, दिवाळीच्या सुट्टीत त्याला हा-गो दाखवायला आणतोय. सकाळी यावं की दुपारी?

नगरवासी

सकाळीच या. दुपारी पत्रा इतका तापतो की त्याला हात लावता येत नाही.